सहा खोकी, एक कान

गृहस्थाच्या घरात नवी वस्तू येते ती दोन वाटांनी. एक लग्नाच्या आहेरातून आणि दुसरी पुतण्याच्या अडगळीतून. आमच्याकडे आहेर देण्याचीच वेळ जास्त आली, त्यामुळे आमचा सगळा भरवसा पुतण्यावर. पुण्यात त्यानं घर बदललं आणि नव्या घरात सिनेमे थेट तारेतून येऊ लागले. तेव्हा जुना तबकड्यांचा यंत्रसंच त्यानं एका खोक्यात भरून डोंगरकड्याला रवाना केला. केळी घेऊन गेलेला ट्रक परतताना रिकामा येतो, त्यातून ते खोकं आलं. उघडलं तर आत आणखी सहा खोकी! शिवाय एक प्लेयर, एक पेटीएवढा ॲम्प्लिफायर, वारुळातून निघाव्यात तशा तारा आणि एक चिठ्ठी. 'काका, याच्यातून हाय डेफिनिशन सराउंड साउंड येतो. अण्णाकाकांना ऐकवा.'

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. या चिठ्ठीत एक मोठी अडचण दडली होती आणि ती पुतण्याला ठाऊक नव्हती. अण्णांचा उजवा कान त्याच्या आदल्या वर्षी गेला होता. एका सकाळी उठले आणि उजव्या बाजूचं जग बंद. नांदेडला दाखवलं, औषधं झाली, पण गेलेला कान परत आला नाही. अण्णांनी त्याचा बोभाटा केला नाही. त्यांनी फक्त एक केलं. भजनाला जाणं सोडलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं एकादशी आणि सप्ताह चुकवला नाही, तो संध्याकाळी टाळांचा आवाज आला की गोठ्यात जाऊन म्हशीला उगाच पेंड घालू लागला. त्या वर्षी ती म्हैस अशी सुधारली की बाजारात दाखवावी.

पण हे सगळं पुढं येईल. आधी त्या सहा खोक्यांचा इतिहास सांगायला हवा. वस्तू फुकट मिळाली की माणसाला तिच्या कुळाची चौकशी करावीशी वाटते. विकत घेतली असती तर फक्त हप्त्याची केली असती.

चारी बाजूंनी आवाज येणं ही काही विलायतेची कल्पना नव्हे. त्याचा पहिला प्रयोग आमच्याच जिल्ह्यात झाला, असं माझं नम्र मत आहे. औंढा नागनाथाच्या देवळापुढे नामदेवांचं कीर्तन चाललं होतं. पुजाऱ्यांना त्याची अडचण झाली. त्यांनी नामदेवांना देवळामागे पिटाळलं. नामदेव मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं! तिथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे तो त्यामुळे, असं आजही सांगतात. भाविक याला चमत्कार म्हणतात. मी याला ऐकणाऱ्याच्या जागेचा प्रश्न म्हणतो. बोलणारा हलवला तर ऐकणाऱ्यानं तोंड फिरवावं, हा ध्वनिशास्त्राचा पाया देवानं आधीच घालून ठेवला आहे.

आणि वारकरी भजन म्हणजे तरी काय? देवापुढं टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या, मधे वीणेकरी, जवळच मृदंग, पाठीमागं बायकांचा मेळा. एका ओळीनं चरण टाकायचा, दुसरीनं उचलायचा. डावा, उजवा, मधला, मागचे दोन आणि पोटात घुमणारा मृदंग, असा सगळा सरंजाम भरतो. याला आता फाइव्ह पॉइंट वन म्हणतात आणि पैसे घेतात. आमच्याकडं यात अण्णांची जागा ठरलेली होती. देवाच्या उजव्या हाताच्या ओळीत पहिले. मानाची जागा.

बिघडलं ते यंत्रानं. १८७७ साली एडिसननं फोनोग्राफ काढला आणि १८८७ साली बर्लिनर यानं सपाट तबकडीचा ग्रामोफोन. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या. सगळं खरं, पण सबंध मैफल, गाणारी, सारंगी, तबला आणि दाद देणारे रसिक एका कर्ण्याच्या तोंडातून बाहेर पडू लागले. दहा माणसांचं कुटुंब एका खिडकीतून डोकावावं तसं. आमच्या लहानपणी ग्रामपंचायतीच्या रेडिओला असाच एक भोंगा होता. त्यातून बातम्या, भाव आणि भक्तिगीतं एकाच नाकातून यायची.

१९३१ साली मुंबईत 'आलम आरा' बोलू लागला. आपण सगळे खूश. पण त्याच वर्षी लंडनमध्ये ॲलन ब्लूमलिन नावाचा एक इंजिनिअर नाराज होता. असं सांगतात की हा गृहस्थ होणाऱ्या बायकोला घेऊन सिनेमाला गेला असताना पडद्यावरचा नट डावीकडून उजवीकडे चालत गेला आणि त्याचा आवाज मात्र जागच्या जागी राहिला. सामान्य माणूस असता तर त्यानं मध्यंतरात चहा मागवला असता. यानं तिला सांगितलं की मला यावर उपाय सुचला आहे, आणि डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटचा अर्ज केला. दोन कान, दोन मायक्रोफोन, दोन वाटा. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो ते हेच. बिचाऱ्याला त्याचं वैभव बघायला मिळालं नाही. १९४२ साली रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला. त्याचं वय तेव्हा ३८ होतं.

अमेरिकेत डिस्नेनं १९४० साली 'फँटेशिया'साठी थिएटरभर आवाज फिरवला. पण यंत्रं इतकी अवजड आणि महाग की मोजक्याच थिएटरांत ती बसली. १९५० नंतर घरोघर टीव्ही येऊ लागले तेव्हा सिनेमावाल्यांना जाग आली. घरात न मिळणारं काहीतरी द्यायला हवं म्हणून पडदे रुंदावले आणि आवाजाचे चार, सहा, सात पदर झाले. आमच्याकडं मात्र माळेगावच्या जत्रेतल्या तंबूत पडद्यामागं एकच भोंगा असायचा. उरलेला सराउंड साउंड प्रेक्षक देत. रडणारी पोरं डावीकडं, शिट्ट्या उजवीकडं आणि मागं जनरेटरची धडधड.

मग आला १९७५ सालचा 'शोले'. सत्तर एमएम, सहा ट्रॅकचा स्टिरिओफोनिक आवाज. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. अण्णा तेव्हा ऐन पंचविशीत. केळीच्या ट्रकबरोबर मुंबईला गेले होते. पट्टी हातात पडली, ट्रक निघायला रात्र होती, म्हणून मिनर्व्हात शिरले. परत आले ते वेगळेच होऊन आले. पंधरा दिवस घरात भाव, वजन, बाग याविषयी चकार शब्द नाही.

"अरे, नाणं उडवलं ना त्यानं, तर ते खणकन माझ्या पाठीमागं पडलं," अण्णा सांगायचे. "लोक खाली वाकून खुर्च्यांखाली हुडकू लागले."

"तुम्ही?"

"मी बी वाकलो. म्हटलं, असलं तर असलं."

पुढं हीच हकिगत मी पुण्याच्या, हैदराबादच्या आणि मुंबईच्या निदान दहा माणसांकडून ऐकली. प्रत्येकाच्या मागंच ते नाणं पडलं होतं. पण अण्णांची गोष्ट मी पहिली ऐकली, म्हणून माझ्यापुरती तीच खरी.

घरात हा आवाज आणण्याची खटपट तेव्हाच सुरू झाली होती. १९७० च्या आसपास चार बाजूंना चार स्पीकरांची क्वाड्रोफोनिक पद्धत निघाली. पण कंपन्यांनी तिचे निरनिराळे प्रकार काढले. एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्राला धड समजेना. भाऊबंदकी फक्त शेताच्या बांधावरच असते असं थोडंच आहे! गिऱ्हाइकानं दोघांनाही नमस्कार केला आणि दोन स्पीकर घेऊन घरी गेला.

याच सुमारास एक नाव मोठं होत गेलं. रे डॉल्बी. डॉल्बी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मिरवणुकीतली भिंत उभी राहते आणि छाती धडधडते. प्रत्यक्षात हा माणूस १९६३ ते १९६५ युनेस्कोचा तंत्रज्ञ म्हणून आपल्या देशात होता आणि इथून गेल्यावर १९६५ साली त्यानं लंडनला प्रयोगशाळा काढली. कशासाठी? तर टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. ज्यानं आयुष्य गोंगाट कमी करण्यात घालवलं त्याच्या नावानं आपण गोंगाटाला ओळखतो. नावाचं असं सार्थक फार थोड्यांच्या नशिबी येतं.

आपल्याकडं डॉल्बी स्टिरिओतला पहिला सिनेमा म्हणून '१९४२ : अ लव्ह स्टोरी'चं नाव घेतात. १९९४ सालचा. त्याचं संगीत आर. डी. बर्मन यांचं, 'शोले'चंही त्यांचंच. हा सिनेमा लागला तेव्हा ते हयात नव्हते. इकडं तबकडीही बदलत होती. १९८२ साली सीडी आली. ती सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेते. आमचा तलाठी वर्षातून एकदा येतो, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या तबकडीचा उद्योग कळतो. पण तिच्यावर वाटा दोनच. १९९६ साली जपानात डीव्हीडी निघाली. तिच्यावर सहा वाटांचा आवाज बसला, पण जागा थोडी म्हणून दाबून बसवलेला. एसटीत पाहुणे बसवावेत तसा. १९९९ साली एसएसीडी आणि २००० साली डीव्हीडी ऑडिओ अशा दोन उंची तबकड्या आल्या. त्यांचा आवाज अस्सल, पण चोरी होईल या धास्तीनं तो एका तारेतून बाहेर सोडायला मालक तयार नव्हते. सहा वाटांना सहा वेगळ्या तारा लावा म्हणाले. लोकांनी कपाळाला हात लावला. शेवटी २००६ साली ब्लू-रे आली. तिच्यावर जागा ऐसपैस. स्टुडिओत जसा आवाज तयार झाला तसाच्या तसा, एक कणही न गाळता घरात उलगडणारा. हाय डेफिनिशन म्हणजे तो हाच, आणि आमच्या खोक्यात आली होती ती हीच.

आता आमच्या घरचा इतिहास. पुस्तिकेत चित्र होतं. मधे एक माणूस कोचावर बसला आहे आणि त्याच्याभोवती सहा खोकी आदबीनं उभी आहेत. आमच्या घरात मधे खांब आहे. शिवाय कोच नाही. तरी मी जुळवाजुळव केली. मधलं खोकं टीव्हीखाली पाटावर, डावं कपाटावर, उजवं शिलाई मशीनवर. मागचं एक धान्याच्या कोठीवर. मागचं दुसरं मी देवघराच्या फळीवर ठेवणार होतो, पण आमच्या सौभाग्यवतींनी देवांच्या वतीनं हरकत नोंदवली. म्हणून ते खिडकीत गेलं. सहावं घुमणारं, ते पलंगाखाली. त्यालाच पॉइंट वन म्हणतात, कारण त्याच्या वाट्याला आवाजाचा फक्त खालचा थोडा पट्टा येतो. नातवानं त्याचं नाव घुम्या ठेवलं. पहिल्याच दिवशी पलंगाखालची मांजर जी गेली ती चार दिवसांनी परत आली.

उद्घाटनाला मी एक इंग्रजी सिनेमा लावला. त्यात पाऊस होता. काय पाऊस! कोठीवर पडला, कपाटावर पडला, खिडकीत पडला. तेवढ्यात शेजारच्या काकू ओरडत अंगणात धावल्या. त्यांची शिजवलेली हळद वाळत पडली होती. अर्धी हळद पोत्यांत भरून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं तर आभाळ निरभ्र. त्यानंतर काकूंनी माझ्याविषयी जे उद्गार काढले ते मात्र एकाच दिशेनं आले आणि अगदी स्पष्ट आले.

गावभर बोलबाला झाला. निवृत्त मास्तर आले, सोसायटीचे चेअरमन आले. "याला म्हणतात हाय डेफिनिशन!" मी सांगायचो आणि सगळे माना डोलवायचे. तीन आठवडे असे गेले. मग पुतण्याचा फोन आला.

"काका, ॲम्प्लिफायरवर काय अक्षरं दिसायलीत?"

"डॉल्बी डिजिटल."

"मग ते साधंच वाजायलंय. तार कोणती लावली?"

मी बारीक चकचकीत तार लावली होती, जिच्या टोकातून लाल उजेड येतो. दिसायला तीच सर्वांत हुशार. पण या उजेडाच्या तारेतून सहा वाटांचा आवाज जातो तो दाबलेलाच. न दाबलेला तिच्यात मावत नाही. त्याला एचडीएमआयची रुंद तोंडाची तार लागते. ती मी निरुपयोगी समजून केळीच्या घडाला टेकू बांधायला वापरली होती. सोडून आणली. पुसून लावली. तरी अक्षरं तीच!

पुन्हा फोन. आता प्लेयरच्या पोटात शिरायचं होतं. तिथं 'पीसीएम की बिटस्ट्रीम' असा सवाल होता, म्हणजे शिधा शिजवून पाठवू की कोरडा देऊ. कोरडा सांगितला. तरी तेच. शेवटी खरा चोर सापडला. 'सेकंडरी ऑडिओ' नावाची एक कळ चालू होती. सिनेमा चालू असताना दिग्दर्शकाची बडबड किंवा बटणांची टिकटिक मिसळता यावी म्हणून ती असते. ती चालू असली की प्लेयर सगळा आवाज एकत्र कालवतो आणि पुन्हा साध्या पुडीत बांधून पाठवतो. त्या टिकटिकीपायी सगळी अस्सल माया आतल्या आत अडली होती. कळ बंद केली आणि ॲम्प्लिफायरवर 'ट्रू एचडी' उमटलं. मी मास्तरांना बोलावून आणलं. पाऊस पुन्हा पाडला. काकूंना आधी कळवून पाडला. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पहिलंच बरं होतं."

आता अण्णा. इतके दिवस ते फिरकले नव्हते. मी मुद्दाम बोलवायला गेलो. पुतण्याच्या खोक्यात 'शोले'ची डीव्हीडी होती. अण्णांना खांबाशेजारी बरोबर मध्यावर खुर्ची दिली आणि नाण्याचा प्रसंग लावला. नाणं उडालं. पडलं. माझ्या मते ते कोठीकडं पडलं, सौ.च्या मते खिडकीत.

"अण्णा, कुठं पडलं?"

अण्णांनी डावा हात वर केला. "इकडं."

घोडे आले, ते डावीकडून. गाडी आली, डावीकडून. गब्बर, बसंती, सगळं गाव अण्णांच्या डाव्या खांद्यावर गोळा झालं होतं. मला तेव्हा लख्ख उमगलं. आवाज एका कानाला सेकंदाचा हजारावा भागही नाही इतका आधी पोचतो, जरासा मोठा पोचतो, आणि तेवढ्या फरकावर डोकं दिशा ठरवतं. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानं १९०७ साली हे मांडून ठेवलं आहे. ब्लूमलिनपासून ब्लू-रेपर्यंत सगळी हुशारी त्या फरकावर उभी. फरक घ्यायला दोन कान हवेत. सहा खोकी मांडून मी एका कानाच्या माणसापुढं सहा वेळा तेच सांगत होतो की तुम्हाला एक कान नाही.

अण्णा उठले नाहीत. म्हणाले, "हे कोठीवरलं मला ऐकूच येईना. ते बी इकडं आण."

मी आणलं. मग शिलाई मशीनवरचं आणलं. मग खिडकीतलं. तासाभरात सहाही खोकी अण्णांच्या डाव्या हाताला पंगतीत बसावीत तशी ओळीनं बसली. पुस्तिकेतल्या त्या कोचावरच्या माणसाला झीट आली असती. पण अण्णा पुढं झुकले. कोण काय बोलतंय ते त्यांना लागू लागलं. मधेच ते हसले, योग्य ठिकाणी. नंतर बराच वेळ सिनेमाकडं न बघता त्या ओळीकडंच बघत राहिले.

"ओळीत पहिला मी उभारतो," ते म्हणाले. "देवाच्या उजव्या हाताला. म्हणजे देव माझ्या डावीकडं, अन् सगळी माणसं उजवीकडं. बहिऱ्या बाजूला. मग टाळ चुकंल न्हाई तर काय होईल?"

तेव्हा मला कळलं की भजन का सुटलं होतं. कान गेल्यावरच्या पहिल्याच सप्ताहात अण्णांचा टाळ चुकला होता. कुणी काही बोललं नव्हतं. सगळ्यांनी सांभाळून घेतलं होतं. तेच त्यांना सोसलं नव्हतं.

पुढचा सप्ताह चैत्रात होता. अण्णा गेले. वीणेला नमस्कार केला आणि आपल्या जागेवर न जाता सरळ समोरच्या ओळीत गेले. तिथला पहिला मान गंगाधररावांचा. मानाच्या जागेवरून आमच्याकडं यापूर्वी दोन घराण्यांची सोयरीक मोडलेली आहे. सगळ्यांचे टाळ हातातच थांबले. अण्णांनी गंगाधररावांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. गंगाधरराव काही वेळ टाळांच्या दोरीशी चाळा करत उभे राहिले, मग मुकाट्यानं अण्णांच्या जागेवर गेले.

आता सगळी ओळ अण्णांच्या डाव्या हाताला आणि देव उजव्या. वीणेकरीबुवा मात्र अस्वस्थ.

"अण्णा," ते हळूच म्हणाले, "देवाकडं बहिरा कान करून उभारता व्हय?"

"देवाला ऐकू यायलंय की," अण्णा म्हणाले. "मला माणसाचं ऐकायचंय."

आणि त्यांनी टाळावर टाळ घातला. मी पाठीमागं, बायकांच्या मेळ्याजवळ उभा होतो. सबंध अभंगभर त्यांच्याच हातांकडं बघत होतो. एकदाही चुकला नाही.

खोकी अजून तशीच एका ओळीत आहेत. पुतण्या दिवाळीला आला तेव्हा ती बघून त्याला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. मी त्याला औंढ्याला घेऊन गेलो आणि देवळामागचा नंदी दाखवला. म्हशीची तब्येत मात्र पुन्हा पूर्वीसारखी झाली आहे.